एकच वही: शिकता शिकता खेळणाऱ्यांसाठी

दिवसा मी रसायनशास्त्र शिकवते, हजेरी घेते. संध्याकाळी त्यातल्याच काही मुलामुलींसाठी ट्रॅकच्या कडेला स्टॉपवॉच धरून उभी असते. त्यामुळे "मॅडम, काल मॅच होती" आणि "मॅडम, उद्या सबमिशन आहे" ही दोन्ही वाक्यं मला एकाच तोंडून ऐकावी लागतात, कधीकधी एकाच दिवशी. दोन्ही खरी असतात, हीच तर पंचाईत.

मी स्वतः कॉलेजात ८०० मीटर धावायचे. अंतिम फेरी गाठायची आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकावर घुटमळायचं, अशी आपली कारकीर्द. तेव्हा माझ्याकडे दोन वह्या होत्या. एकीत सराव: किती लॅप, किती सेकंद, मध्ये किती विश्रांती. दुसरीत अभ्यासाचं वेळापत्रक. दोन्ही रंगीत पेनांनी आखलेल्या, कुणालाही दाखवाव्यात अशा. तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात सरावाच्या वहीत काहीच वावगं नव्हतं. भार आधीच्या दोन आठवड्यांइतकाच. अभ्यासाच्या वहीतही सगळं वेळेवर. पण त्या आठवड्यात मी रोज जेमतेम साडेपाच तास झोपत होते, दुपारचं जेवण प्रयोगशाळेच्या दारात उभ्याउभ्या उरकत होते, आणि याची नोंद दोन्ही वह्यांत कुठेच नव्हती. शुक्रवारी उजव्या नडगीत एका ठिकाणी दुखायला लागलं. मी त्यावर नऊ दिवस धावले. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून आणखी दोन दिवस. मग एमआरआय केला, त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, दिसलं आणि आठ आठवडे धावणं बंद. त्या एका आठवड्यानेच हाड गेलं असं नाही, ते आधीपासून कुरकुरत असणार. पण तो आठवडा पेलण्याइतकी शिल्लक अंगात नव्हती, आणि शिल्लक किती आहे हे मी मोजतच नव्हते.

हे माझंच रडगाणं नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या फुटबॉल संघावरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंगावर धावून जायचा. कडक शिबिराच्या दिवसांत दुखापती वाढतात, हे त्यात दिसलं. ते कुणीही सांगितलं असतं. पण परीक्षांच्या आठवड्यांतही त्या वाढल्या होत्या. तेव्हा वही एकच ठेवा. अभ्यास, सराव, झोप, जेवण, भांडण, प्रवास, सगळं एकाच पानावर. बाकीचं जे सांगणार आहे ते त्या पानावर काय लिहायचं आणि लिहिलेलं वाचून काय करायचं, याबद्दल आहे.

पान कसं आखायचं

एक पान म्हणजे एक आठवडा. सात ओळी आणि पाच रकाने: झोप, सराव, डोकं, पोट, दुखणं. याहून जास्त रकाने केलेत तर तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. मी स्वतः अकरा रकान्यांची केली होती, ती दहा दिवस चालली.

झोपेच्या रकान्यात तास लिहा. अंथरुणात फोन घेऊन पडलेला वेळ त्यात धरू नका.

सरावाचा आकडा असा काढायचा: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, ० ते १० मध्ये आज किती कठीण गेलं? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणा. ७५ मिनिटांचा इंटरव्हलचा (जोरात धावायचं, थोडं थांबायचं, पुन्हा जोरात) सराव आणि कठीणपणा ८, म्हणजे ६००. ४० मिनिटं सावकाश धावणं आणि कठीणपणा ३, म्हणजे १२०. ही पद्धत कार्ल फॉस्टर या अमेरिकन संशोधकाची. तिला ना छातीचा पट्टा लागतो ना ॲप. अर्धा तास थांबायचं एवढ्यासाठी, की शेवटची फेरी जीवघेणी गेली असेल तर लगेच विचारल्यावर अख्खा सरावच जीवघेणा वाटतो. आठवड्याची बेरीज खाली लिहा. एक आकडा एकटा काही सांगत नाही. चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवलेत की बोलायला लागतात. बेरीज एकदम उसळली असेल तर सावध व्हा. आणि सातही दिवसांचे आकडे जवळपास सारखे असतील तरीही सावध व्हा, कारण त्याचा अर्थ तुमचा हलका दिवस हलका राहिलेला नाही. मुलं इथेच फसतात. कठीण दिवशी सगळेच मेहनत करतात, पण हलक्या दिवशी हलकं धावायची त्यांना लाज वाटते.

'डोकं' म्हणजे मनावर किती ताण आहे, पुन्हा ० ते १०. परीक्षा, तोंडी, घरची कटकट, पैशांची ओढ, प्रेमभंग. लिहायला लाजू नका. आकडा लिहायचाय, नाव नाही. 'पोट' या रकान्यात नीट बसून किती वेळा जेवलात ते. 'दुखणं' मध्ये जागा आणि आकडा: "डावा घोटा, ३".

आता नियम. हा माझा नियम आहे, विज्ञानाचा नव्हे, पण ट्रॅकवर तो बरा चालतो: सलग दोन रात्री झोप सातच्या खाली आणि डोकं सातच्या वर असेल, तर त्या दिवशीचा कठीण सराव हलका करायचा. पूर्ण रद्द नाही, हलका. आणि हे कोचला सरावाच्या आधी सांगायचं. दोन फेऱ्या झाल्यावर पोटरी धरून बसायचं नाही.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात

वहीच्या मधल्या जोडपानावर सगळं सत्र मांडा. परीक्षा, सबमिशन, प्रॅक्टिकल, निवड चाचणी, स्पर्धा, प्रवासाचे दिवस. तारखा पक्क्या नसतील तर पेन्सिलने. मग जिथे तीन गोष्टी एकाच आठवड्यात येतात तिथे लाल रेघ ओढा. साधारण प्रत्येक सत्रात असे दोन-तीन आठवडे निघतातच.

हे पान घेऊन कोचकडे जा, त्याच आठवड्यात. कोच लोक वाईट नसतात, पण त्यांच्या डोक्यात त्यांचं कॅलेंडर असतं. तुमच्या परीक्षेची तारीख त्यांना तुम्हीच सांगितलीत तर कळणार. दोन महिने आधी सांगितलं तर भाराचा आठवडा मागे-पुढे सरकवणं त्यांच्या हातात असतं. आदल्या दिवशी सांगितलं तर ती सबब वाटते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती.

मग प्राध्यापक. इथे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्पर्धेहून आल्यावर पदक दाखवत "मॅडम, माझं प्रॅक्टिकल बुडालं" म्हणणारा मुलगा मला अडचणीत टाकतो. तुकड्या होऊन गेलेल्या असतात, रसायनं संपलेली असतात, प्रयोगशाळा दुसऱ्या वर्गाला दिलेली असते. त्याच्यासाठी काही करायची इच्छा असली तरी जागा नसते. तेच कुणी आधी असं लिहून दिलं की माझं काम सोपं होतं:

"मॅडम, मी द्वितीय वर्षात आहे आणि हॉकी संघात खेळते. १२ ते १५ तारखेला स्पर्धा आहे. संघाचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यात आपले दोन तास आणि एक प्रॅक्टिकल बुडेल. प्रॅक्टिकल १० तारखेला दुसऱ्या तुकडीबरोबर केलं तर चालेल का? तासांच्या नोट्स मी मैत्रिणीकडून घेईन आणि १७ तारखेला शंका विचारायला येईन."

यात तारीख आहे, पुरावा आहे आणि मार्ग तिने स्वतःच सुचवलाय. मला फक्त "हो" म्हणायचंय. तोंडी सांगून काम भागवू नका. कॉरिडॉरमध्ये ऐकलेलं मी संध्याकाळपर्यंत विसरते. हजेरीच्या सवलतीचा नियम मित्राकडून ऐकून सोडून देऊ नका, स्वतः वाचा. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी दिला असेल तरच सवलत मिळते. आणि कृपा करून गुण मागू नका. वेळ मागा.

प्रवासात काय वाचायचं, हाही प्रश्न दरवेळी येतो. बसमध्ये नवा धडा डोक्यात शिरत नाही, स्पर्धेच्या आदल्या रात्री तर नाहीच. तीन जाडजूड पुस्तकं नेऊन आणायची आणि पाठ दुखवून घ्यायची, यापेक्षा आधीच शिकलेल्या भागावरचे वीस प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून न्या आणि एकमेकांना विचारा. आठवून उत्तर देण्याने जितकं पक्कं होतं तितकं पुन्हा पुन्हा वाचून होत नाही.

चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस, ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर, याचं उदाहरण भाषणांत हमखास येतं. ६ मे १९५४ रोजी त्याने मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावून दाखवला, आणि तेव्हा तो लंडनला वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्या सकाळी तो रुग्णालयात गेला, तिथल्या प्रयोगशाळेत स्पाइक्सना, म्हणजे धावायच्या बुटांच्या खिळ्यांना, धार लावली आणि मग रेल्वेने ऑक्सफर्डला गेला. गोष्ट खरी आहे आणि मला ती फार आवडते. पण ती सांगून कुणी "बघा, इच्छा असली की जमतं" म्हणालं तर मी मान हलवत नाही. त्याचा रोजचा सराव बहुतेक जेवणाच्या सुट्टीत आटोपायचा. आज दिवसातून दोनदा सराव, वर जिम, वर व्हिडिओ पाहणं असं वेळापत्रक असणाऱ्या मुलीला ते उदाहरण देणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

झोप

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज रात्री किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २०११ मध्ये ते संशोधन छापून आलं. त्यांची धावण्याची चाचणी १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि बास्केटचे नेमही सुधारले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय झोपेलाच देता येणार नाही. तरी इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही.

दहा तास कुणाला मिळणार, हे मला माहीत आहे. आठ धरा. सकाळचा सराव साडेपाचला असेल आणि पाचला उठायचं असेल, तर नऊ वाजता डोळे मिटलेले हवेत. वसतिगृहात नऊला डोळे मिटणं अवघड; कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी हे स्पाइक्सइतकंच गरजेचं सामान समजा. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी चालते, संध्याकाळी नको. सकाळचा सराव अर्ध्या तासाने पुढे ढकलता येईल का, हे संघाने मिळून विचारायला हरकत नाही. एकट्याने विचारलं तर आळशी ठरता, बाराजणांनी विचारलं तर तो प्रस्ताव होतो.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण तर दोन्हीकडून मार देतं. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. तीच झोप कापून वाचायचं म्हणजे भोकं पडलेल्या बादलीने पाणी भरायचं.

पोट आणि पाळी

या विषयावर कोच बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. जितकं खर्च होतं तितकं खाल्लं नाही तर शरीर काटकसर सुरू करतं: हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती, सगळीकडे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या अवस्थेला एक नाव दिलं, रेड-एस. मुलींमध्ये याची खूण ठळक असते, पाळी लांबते किंवा बंद होते. "भरपूर सराव आहे, बंद होणारच" हे मी सीनियर मुलींकडून ऐकलं आणि पुढे ज्युनियरना ऐकवलंही. चूक होतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जा, आणि किती धावता, किती खाता हे दोन्ही सांगा. पाळीची तारीख वहीत लिहा. मुलांमध्येही हेच होतं, फक्त अशी उघड खूण नसते. सततचा थकवा, वारंवार सर्दी, घसरलेली कामगिरी, मंदावलेली कामेच्छा एवढ्यावरून ओळखावं लागतं.

बहुतेकांचं उपाशी राहणं मुद्दाम नसतंच. सराव संपतो आणि थेट तास सुरू होतो, इतकंच. म्हणून बॅगेत काहीतरी खायला ठेवा आणि सराव संपल्यावर तासाभरात ते पोटात जाऊ द्या. वजन कमी कर असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला आहारतज्ज्ञाचं शिक्षण आहे का ते आधी बघा.

दुखतंय, पण किती?

सरावानंतर दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, दोन-तीन दिवसांत ओसरतात: ते चालतं. एकाच बाजूला दुखतं, रोज थोडं वाढतं, रात्री अंथरुणातही जाणवतं: ते चालत नाही. नडगीचं दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर एक गोष्ट, पण एका बोटाने झाकता येईल इतक्याच जागी हाडावर कळ येत असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. हे वाक्य मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर माझे ते दोन दिवस वाचले असते.

वहीत एकच दुखणं सलग तीन दिवस आलं आणि आकडा वाढत गेला, की दाखवायला जायचं. चौथ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

डोक्याला मार लागला तर कुठलाही हिशेब नाही. मैदान सोडायचं आणि त्या दिवशी परत उतरायचं नाही, सामना अंतिम असला तरी. बेशुद्ध पडलं तरच मेंदूला धक्का बसतो, हा गैरसमज आहे. गरगरणं, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटणं, एवढंही पुरेसं आहे. उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर थेट रुग्णालय. पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, मग हळूहळू अभ्यास. पूर्ण खेळायला परतायचं ते अभ्यास पूर्वीसारखा जमायला लागल्यावर, आणि डॉक्टरांच्या परवानगीने. प्राध्यापकांना हे पत्राने कळवा. मोडलेला हात आम्हाला दिसतो, हे दिसत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. आंद्रेया रादुकान या १६ वर्षांच्या रुमानियन जिम्नॅस्टचं सिडनीतलं, २००० सालचं ऑलिंपिक सुवर्णपदक सर्दीच्या गोळीपायी गेलं. गोळी संघाच्याच डॉक्टरने दिली होती, पण शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची. म्हणून तुमच्या पातळीवर उत्तेजक चाचणी होत असेल तर कुठलंही औषध घेण्याआधी "मी खेळाडू आहे" हे डॉक्टरला सांगा. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते, जुनी फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. आणि मित्राने दिलेली पावडर घेऊ नका. डब्यावर लिहिलेलं सगळं आत असतं आणि आत असलेलं सगळं डब्यावर लिहिलेलं असतं, असं समजू नका.

संघाबाहेर बसवलं तर

कोचला "मला का घेतलं नाही?" असं विचारलंत तर तो बचावात जातो. "पुढच्या निवडीपर्यंत मी काय सुधारू?" असं विचारा, तेही सामन्याच्या दिवशी नाही, दोन दिवसांनी. उत्तर वहीत लिहून घ्या. तीन आठवड्यांनी तेच पान घेऊन परत जा. उत्तर दर वेळी बदलत असेल, तर प्रश्न तुमच्या खेळाचा नाही हे निदान तुम्हाला कळेल.

कोच कडक असणं वेगळं. अपमान करणं, दुखापत लपवायला लावणं, नको तिथे हात लावणं हे वेगळं. अशा वेळी तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि संघाबाहेरच्या जबाबदार माणसाला लेखी कळवा. कॉलेजात तक्रार समिती असेल तर तिच्याकडे. एकटे जाऊ नका.

'डोकं' रकान्यात दोन आठवडे सलग आठ-नऊ येत असेल, झोप लागत नसेल, ज्यात जीव होता तो खेळच नकोसा झाला असेल, तर समुपदेशकाकडे जायचं. घोटा मुरगळल्यावर फिजिओकडे जातो तसंच. स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी जवळच्या कुणाला तरी सांगायचं. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली, कारण हवेत गिरक्या घेताना आपण कुठे आहोत हे तिला कळेनासं झालं होतं. तशा अवस्थेत उतरली असती तर मान मोडू शकली असती. २०२४ मध्ये पॅरिसला ती परतली आणि तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. पदकं आली नसती तरी टोकियोतला निर्णय बरोबरच होता, असं माझं मत आहे.

शेवटची शर्यत

बहुतेकांचा स्पर्धात्मक खेळ पदवीबरोबर संपतो. याची तयारी कुणी करून घेत नाही. माझी शेवटची शर्यत झाली त्याच्या पुढच्या आठवड्याचं पान कोरं आहे, त्याच्या पुढचंही. पहाटे पाचला जाग यायची आणि जायला जागा नसायची. भूक मात्र पूर्वीचीच. मैत्रिणी ट्रॅकवर होत्या आणि मी ट्रॅक सोडल्यामुळे त्याही सुटल्या, हे सगळ्यात जास्त लागलं.

म्हणून शेवटच्या हंगामातच पुढच्या दोन महिन्यांची पानं आखून ठेवा: आठवड्यातून तीन दिवस हलका व्यायाम, संघातल्या कुणाशी तरी भेटायचा एक ठरलेला दिवस, आणि खेळाशी संबंध नसलेलं एखादं काम. रकाने तेच राहू द्या. मी अजून मंगळवारी आणि शनिवारी धावते, घड्याळ घरी ठेवून. सरावाच्या रकान्यात अंदाजे मिनिटं लिहिते, कठीणपणा बहुतेक ३ असतो. गेल्या शनिवारी एका पहिल्या वर्षाच्या मुलीच्या नादाने शेवटचा लॅप जोरात घेतला, त्या दिवशी ७ लिहावा लागला. दुखणं: उजवी पोटरी, २.